कार्टव्हीलवाली जिंकली आणि हँडस्प्रिंगवाली हरली, असं कसं?

शालेय स्पर्धांचा सीझन आला की या सदरात खो-खो, कबड्डीची पत्रं पडतात, पण यंदा अर्धा गठ्ठा जिम्नॅस्टिक्सचा निघाला, आणि त्यातही बहुतेकांचं म्हणणं एकच, जज नक्की बघतात तरी काय. मी आधी खेळायचे, आता जज म्हणून टेबलाच्या पलीकडे बसते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते. एक आधीच सांगून ठेवते, जिल्हा, विभाग, राज्य आणि वेगवेगळे वयोगट यांचे नियम थोडेफार बदलतात, अगदी लहान गटात तर ठरवून दिलेला सेटच, म्हणजे सलग करायचा कसरतींचा क्रमच करायचा असतो, त्यामुळे आपल्या स्पर्धेचं सर्क्युलर नीट वाचा. खालचे आकडे एफआयजीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांतले आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. परवाच्या स्पर्धेत बीमवर (त्या उंच, अरुंद पट्टीवर) तिने बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून पलटी) मारली, तिच्या गटात दुसऱ्या कोणीच मारली नाही. पाय टेकल्यावर घसरून ती खाली आली हे मान्य, पण लगेच परत चढून तिने सेट पूर्ण केला. पहिली आलेली मुलगी नुसतं कार्टव्हील (हातांवरून बाजूला पलटी) करून गेली. हिला ९.३ आणि तिला १०.४. स्लिपवर हिचा डी २.४, ई ६.९ आणि तिचा डी २.३, ई ८.१ असं लिहिलंय. अवघड करणाऱ्याला काही किंमतच नाही का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : किंमत आहे की, पण किती आहे ते बघा. डी म्हणजे डिफिकल्टी, सेटमध्ये काय काय केलं त्याचे मार्क. प्रत्येक एलिमेंटला, म्हणजे सेटमधल्या एकेका कसरतीला अक्षर असतं, ए म्हणजे ०.१, बी म्हणजे ०.२, सी ०.३ असं वर वर चढत जातं. मुलींच्या सेटमधले सगळ्यात भारी आठ एलिमेंट मोजतात आणि शिवाय चार अटी असतात, प्रत्येकीचा अर्धा मार्क, बीमवर उदाहरणार्थ एक पूर्ण टर्न हवा, उड्यांची एक जोडी हवी वगैरे. आता बीमवरचं कार्टव्हील ए मध्ये येतं आणि तुमच्या मुलीची हँडस्प्रिंग बी मध्ये. म्हणजे जी गोष्ट तिने सहा-सात महिने घासून घासून बसवली असेल तिचे जास्तीचे मार्क किती, तर ०.१. तुमच्या स्लिपवरच दिसतंय, २.४ आणि २.३. आणि हो, ती पडली तरी तिची हँडस्प्रिंग मोजलेली आहे, कारण पाय आधी बीमवर लागला होता, पायच लागला नसता तर तेही गेलं असतं.

आता ई, म्हणजे एक्झिक्युशन. हा दहापासून सुरू होतो आणि त्यातून फक्त वजाच होत जातं, बारीक चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५ आणि पडलं की सरळ १.०. मी तो सेट बघितलेला नाही, पण या वयात हँडस्प्रिंग कच्ची असताना घेतली की कागदावर काय उमटतं ते पाठ झालंय. पडली, १.०. हात टेकताना कोपर वाकलं, ०.३. गुडघे वाकलेले, अजून ०.३. परत चढल्यावर भीती बसलेली असते त्यामुळे पुढच्याच साध्या गोष्टीत ती डुलते, ०.३. मग स्प्लिट लीप, म्हणजे हवेत पाय फाकवून घेतलेली उडी, तिथे पाय १८० अंशात उघडायला हवेत, वीस अंशांपर्यंत कमी पडलं तर ०.१ आणि वीसच्या पुढे ०.३, घाबरलेली मुलगी पूर्ण उघडत नाही, ०.३ धरा. दोनदा विचार करत दोन-दोन सेकंद उभी राहिली, प्रत्येक वेळी ०.१. उतरताना एक पाऊल, ०.१. झाले अडीच, आणि अजून टो पॉइंटचं नावही काढलेलं नाही, पाऊल ताणलेलं नसलं की त्या त्या एलिमेंटला ०.१ जातोच, ते पाच-सहा वेळा झालं की ई आला ६.९ च्या आसपास.

म्हणजे हँडस्प्रिंगने ०.१ आणून दिला आणि जाताना एक मार्क आणि वर खूप काही घेऊन गेली. माझं स्पष्ट मत सांगते, कोचला आवडो न आवडो, बारा वर्षांच्या आतल्या मुलांच्या सेटमध्ये जी गोष्ट सरावात दहातल्या निदान आठ वेळा नीट जमत नाही ती स्पर्धेत घालूच नये. जिममध्ये शिकवा, खालच्या बीमवर शिकवा, पण स्पर्धेत नको. आणि ती कार्टव्हीलवाली 'नुसतं' कार्टव्हील करून गेली असं नाही हो, १० सेंटीमीटर रुंदीच्या, सव्वा मीटर उंच लाकडावर ई मध्ये आठच्या वर राहणं म्हणजे सगळ्या सेटमध्ये दोनपेक्षा कमी मार्क गमावणं, त्या वयात ते फार अवघड आहे. अवघड म्हणजे जे उंच उडतं तेच असं आपण गॅलरीत बसून ठरवतो.

प्रश्न : मी लहानपणी महाराष्ट्रीय मंडळात मल्लखांब केलाय, त्यामुळे थोडंफार कळतं असा समज होता. आमच्या वेळी दहापैकी दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. आता टीव्हीवर कोणाला १३, कोणाला १५ मिळतात आणि तरी ते लोक हिरमुसलेले असतात. हे दहा गेले कुठे?
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, नमस्कार. दहा अजून आहेत, वर सांगितलेल्या ई मध्ये, फक्त आता त्यात डी मिळवतात म्हणून बेरीज दहाच्या वर जाते.

जुनी गोष्ट तुम्हाला आठवत असेलच, १९७६ मध्ये मॉन्ट्रियल ऑलिंपिकला नादिया कोमानेचला पहिल्यांदा दहा मिळाले तेव्हा बोर्डावर १.०० असं दिसलं, कारण बोर्डाला १०.०० दाखवताच येत नव्हतं. गंमत होती. पण दहाची छत ठेवली की सगळे भारी खेळाडू ९.७ ते ९.९ मध्ये चेंगरतात आणि जजने एक बारीकशी गफलत केली तरी मेडल इकडचं तिकडे होतं. २००४ ला अथेन्समध्ये नेमकं तेच झालं, दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बार्सच्या सेटची सुरुवातीची किंमत, म्हणजे चुका कापायच्या आधीचे मार्क, १० ऐवजी ९.९ धरली गेली, त्याला ऑल-अराउंडचं, म्हणजे सगळ्या साधनांवरच्या बेरजेचं ब्राँझ मिळालं आणि गोल्ड अमेरिकेच्या पॉल हॅमला, दोघांत फरक होता ०.०४९ चा. तक्रार उशिरा आली म्हणून निकाल बदलला नाही. त्याच ऑलिंपिकला हायबारवर रशियाच्या अलेक्सेई नेमोव्हला कमी मार्क दिले म्हणून प्रेक्षकांनी इतका आरडाओरडा केला की खेळ थांबला आणि जजनी स्कोअर वाढवला, शेवटी बिचाऱ्या नेमोव्हनेच उभं राहून लोकांना शांत केलं. एवढं सगळं झाल्यावर २००६ पासून ही डी आणि ई ची वेगवेगळी पद्धत आली. ई मध्ये पूर्ण दहा आता कोणालाच मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल.

आपल्या दीपा कर्माकरचं गणित या पद्धतीत फार छान दिसतं. २०१६, रिओ, व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन बोर्डवरून उसळायचं आणि टेबलवर हात टेकून पलीकडे जायचं त्या उडीची फायनल. फायनलला दोन वेगळे व्हॉल्ट मारायचे आणि सरासरी काढायची. तिचा प्रोडुनोव्हा, म्हणजे टेबलवरून उसळून हवेत पुढे दोन कोलांट्या, त्याचा डी तेव्हा ७.०, ई ८.२६६, एकूण १५.२६६. त्याआधी मारलेला व्हॉल्ट १४.८६६. सरासरी १५.०६६ आणि ती चौथी. ब्राँझ मिळालेल्या स्वित्झर्लंडच्या जुलिया स्टाइनग्रुबरची सरासरी १५.२१६. फरक ०.१५०. सरासरी दोनाची असल्यामुळे एकाच व्हॉल्टमध्ये ०.३ वाचले असते तर दोघी बरोबरीत आल्या असत्या, आणि प्रोडुनोव्हाच्या लँडिंगला ती किती खोल बसली होती ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ०.३ म्हणजे काय, खांद्याच्या रुंदीपेक्षा मोठं एक पाऊल. मी आजही मुलांना लँडिंग शिकवताना हेच उदाहरण देते.

प्रश्न : गटातले दोन जज एकाच क्लबचे आणि पहिली तीन मुलंही त्याच क्लबची. आमच्या मुलाला मुद्दाम पाडलं असं आमचं ठाम मत आहे. माझ्याकडे पूर्ण सेटचा मोबाइलवरचा व्हिडिओ आहे. तक्रार कुठे करायची?
— एक वडील, चिंचवड

उत्तर : तुमचं ठाम मत खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कारण लहान स्पर्धेत सगळे सगळ्यांना ओळखतात, जज मिळता मिळत नाहीत आणि जो जज मिळतो तो कुठल्यातरी क्लबचाच असतो. मोठ्या स्पर्धेत ई ला जास्त जज बसवतात, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मार्क काढून टाकतात आणि मधल्यांची सरासरी घेतात, चार जज असतील तर मधले दोन. त्यामुळे एकट्याने कोणाला वर चढवायचं म्हटलं तर त्याचाच मार्क कचऱ्यात जातो. जिल्ह्याच्या स्पर्धेत दोनच जज असले की ही गाळणी राहत नाही, हे खरं दुखणं आहे. आयोजकांना विचारायचंच असेल तर हे विचारा, प्रत्येक अ‍ॅपरेटसला ई चे जज किती आहेत.

मुद्दाम केलेल्या अन्यायापेक्षा मला नकळत होणारा जास्त दिसतो. ज्या मुलाचा सेट सगळ्यात आधी असतो त्याला जज हात राखून मार्क देतात, अजून कोण काय करणारे माहीत नसतं ना, आणि शेवटी येणाऱ्याला सढळ हाताने. म्हणून तर टीममध्ये कोच भारी मूल शेवटी ठेवतात. हे माझ्याही हातून होत नसेल असं मी छातीठोक सांगणार नाही.

आता तक्रारीचं. नियमाप्रमाणे फक्त डी बद्दल विचारता येतं, आणि तेही आपल्याच मुलाच्या. ई बद्दल नाही, दुसऱ्याच्या मुलाला जास्त का दिले हे तर अजिबात नाही. विचारायचं कोचने, पालकांनी नाही, आणि लगेच, स्कोअर लागल्यावर पुढच्या मुलाचा स्कोअर लागायच्या आत. गटातलं शेवटचं मूल असेल तर एक मिनिट. हे एक मिनिट किती कडक असतं ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला दिसलं. फ्लोअरच्या फायनलमध्ये अमेरिकेची जॉर्डन चाइल्स शेवटची, स्कोअर १३.६६६, तिच्या कोचने विचारणा केली, डी मध्ये ०.१ वाढला, १३.७६६ झाले आणि ब्राँझ गळ्यात पडलं. मग रोमानिया क्रीडा लवादाकडे गेलं आणि लवादाने सांगितलं की विचारणा चार सेकंद उशिरा झाली, सबब ०.१ परत, आणि ब्राँझ १३.७०० वाल्या आना बारबोसूकडे. चाइल्सने पुढे स्विस कोर्टाचं दार ठोठावलं. ऑलिंपिकला चार सेकंदांवरून एवढं रामायण, त्यामुळे संध्याकाळी घरी जाऊन व्हिडिओ स्लो करून बघितल्यावर काही होत नाही. मोबाइलचा व्हिडिओ जज बघतही नाहीत, गॅलरीच्या कोनातून गुडघा वाकलाय की नाही ते दिसतच नाही.

व्हिडिओ कोचबरोबर बसून बघा मात्र. तुम्ही स्वतः कागद घेऊन ०.१, ०.३ लिहीत बसलात तर पाच मिनिटांत जजबद्दलचं मत थोडं तरी हलेल.

प्रश्न : मुलगी व्हॉल्टला धावली, बोर्डवर पाय पडल्यावर बिचकली आणि थांबली. सरळ शून्य! दुसऱ्या क्लबची मुलगी अशीच मध्ये थांबली तर तिला परत धावू दिलं. हा कुठला न्याय?
— हडपसरहून एक पालक

उत्तर : बोर्डाला पाय लागला ना, तिथेच फरक पडला. धावताना मध्ये थांबलं पण बोर्डला किंवा टेबलला स्पर्श झाला नाही तर परत धावता येतं, १.० कापून. स्पर्श झाला की व्हॉल्ट संपला. शून्याच्या अजूनही वाटा आहेत, उदाहरणार्थ टेबलला हातच न लावता पलीकडे जाणं आणि पायांवर न उतरता आधी पाठीवर किंवा पोटावर पडणं. लहान मुलींना मी सांगते, बिचकलीस तर बोर्डच्या अलीकडेच बाजूला पळ.

आणि बाकीच्या साधनांवर कोचने मध्ये हात लावून मदत केली तर एक मार्क जातो, हे पालकांना माहीत नसतं, ते म्हणतात सरांनी किती छान धरलं. पडणारं मूल धरायलाच हवं हो, त्यात वाद नाही, मार्क गेले तर गेले.

प्रश्न : फ्लोअरसाठी एक हिंदी गाणं फार आवडलंय, शब्द असले तर चालतं का? आणि शेजारची मुलगी रिदमिकला जाते, तिने तर गाण्यावरच केलं.
— कर्वेनगरहून दोघी बहिणी

उत्तर : आर्टिस्टिकच्या, म्हणजे बीम-व्हॉल्टवाल्या आपल्या जिम्नॅस्टिक्सच्या फ्लोअरला शब्द नकोत, एक मार्क जाईल. त्याच गाण्याची नुसती वाद्यांवरची ट्यून घ्या, ९० सेकंदांच्या आत बसवा. रिदमिकला शब्द चालतात, तिथलं सगळं घरच वेगळं आहे, हूप, बॉल, क्लब्ज, रिबन, आणि मार्कांतही डी आणि ई बरोबर आर्टिस्ट्रीचे वेगळे जज असतात, संगीताशी हालचाल जुळते का, चेहऱ्यावर काही दिसतं का हे ते बघतात आणि तेही दहातून कापत येतात. त्यामुळे दोघींच्या मार्कांची तुलना करत बसू नका, भांडणं होतील. आणि गळ्यातली साखळी, बांगडी आधी काढून ठेवा, कानात टिकलीएवढं चालतं.

प्रश्न : ताई, मी बारा वर्षांची आहे. बीमवरून पडले की मला रडू येतं आणि सगळे जज खाली मान घालून माझ्याबद्दल काहीतरी लिहीत असतात ते बघून अजून भीती वाटते. काय लिहिता तुम्ही?
— बालेवाडीला सराव करणारी एक जिम्नॅस्ट

उत्तर : अगं, तुझ्याबद्दल नाही लिहीत, तुझ्या एलिमेंटचं चित्र काढत असतो! प्रत्येक एलिमेंटला एक खूण ठरलेली आहे, रेघ, गोल, आकडे, बाण, कारण ९० सेकंदांत शब्द लिहायला वेळच नसतो. नजर बीमवर आणि हात कागदावर, त्यामुळे माझं अक्षर सेटच्या शेवटी मलाच लागत नाही. शेजारी छोटे छोटे १, ३, ५ असे आकडे, ते कापलेले मार्क. पडलीस की मी एक मोठा आकडा लिहिते आणि माझ्यासाठी ते तिथेच संपतं, पुढच्या टर्नला मी तुझा टर्नच बघते, तू मघाशी पडलीस म्हणून टर्नचे मार्क कापता येत नाहीत मला.

रडण्याचे मार्क कापायचा नियम नाही. कापले जातात ते रडू आवरताना होतं त्याचे, म्हणजे वर चढल्यावर दोन सेकंद थांबणं, पाय सैल पडणं, लीप अर्धीच सोडणं. पडल्यावर परत चढायला दहा सेकंद मिळतात आणि तेवढा वेळ तुझ्या ९० सेकंदांत धरत नाहीत, मग घाई कशाला करतेस, बऱ्याच मुली दोन सेकंदांत धडपडत चढतात आणि लगेच दुसऱ्यांदा पडतात. उभी राहा, हाताला चॉक लाव, एक श्वास घे, पुढचं एलिमेंट कोणतं ते मनात म्हण आणि मग चढ, आठव्या सेकंदाला चढलीस तरी चालतं. हे सरावातही मुद्दाम करून बघ, सरांना सांग की आज मला मधूनच खाली उतरायला लावा आणि दहा मोजा.

डुलायला लागलीस आणि तोल जातोय असं वाटलं तर बीम हातांनी घट्ट धर. त्याचे ०.५ जातात, पडण्याचा एक जातो, म्हणजे धरणं अर्ध्या किमतीत पडतं. आणि सेट संपल्यावर, कितीही वाईट झालेला असू दे, तशीच पळत सरांकडे जाऊ नकोस, आधी आमच्या टेबलाकडे वळून हात वर कर, ते विसरलं की ०.३ जातात.